दोन ओळींमधला पाऊस

श्रावणात एका भजनी मंडळाचं घरच्या घरी केलेलं रेकॉर्डिंग फोनवर फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. गवळण होती. बुवांचा आवाज वरच्या पट्टीतला, मोकळा; पखवाज भरदार; पेटी किंचित मागे. पहिली ओळ संपली, बुवांनी श्वास घेतला, आणि तेवढ्या अर्ध्या सेकंदात कौलांवरचा पाऊस एकदम वर आला. पुढची ओळ सुरू झाली तशी पाऊस गायब. ओळ संपली, पाऊस पुन्हा वर. गवळण संपेपर्यंत तो असा चढत-उतरत राहिला. रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलाने सोबत लिहिलं होतं की इंटरफेसचा, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्यातला, प्रीअ‍ॅम्प फार आवाज करतो, पंचवीस-तीस हजारांपर्यंत जाता येईल, कोणता प्रीअ‍ॅम्प घ्यावा? त्यावर लोकांनी भराभर नावं सुचवली होती. पावसाबद्दल एकानेही विचारलं नव्हतं.

ते मनातून जाईना. मुलाचा कान खोटं बोलत नव्हता, काहीतरी खटकतंय हे त्याला बरोबर कळलं होतं. फक्त दोष भलत्याच डब्यावर टाकला जात होता. गणपतीच्या आधी दोन महिने साठवलेले पैसे घालून त्याने नवा प्रीअ‍ॅम्प आणला असता, आणि पाऊस तसाच, कदाचित अधिक स्वच्छ, वरखाली होत राहिला असता.

प्रीअ‍ॅम्पचं काम सांगायला सोपं आहे. माइकमधून येणारा संकेत मिलिव्होल्टांत असतो. तो नोंदवता येईल इतका मोठा करायचा आणि मोठा करताना स्वतःची भर कमीत कमी घालायची. किती मोठा करायचा हे माइक आणि गाणारा मिळून ठरवतात. शुअरचा एसएम५८ हा डायनॅमिक, म्हणजे बाहेरून वीज न लागणारा, माइक घ्या, कोकणातल्या बहुतेक मंडळांकडे तो असतो, खरा किंवा नकली. त्याच्यासमोर ९४ डेसिबलचा आवाज आला की तो १.८५ मिलिव्होल्टच्या आसपास देतो, म्हणजे साधारण उणे ५२ डीबीयू (विद्युत पातळीचं डेसिबलमधलं माप). कमीत कमी गेनवर (वाढीवर) अधिक ९ डीबीयूला भरणारा, म्हणजे त्यापुढे आवाज फाटू लागणारा, इंटरफेस धरा, आणि सरासरी पातळी उणे १८ डीबीएफएसला, म्हणजे भरण्याच्या १८ डेसिबल खाली, ठेवा. मग लागणारा गेन निघतो ४३ डेसिबल. तार सप्तकात लावलेला बुवांचा आवाज चार बोटांवरून ९४ च्या पुढे सहज जातो. म्हणजे ५६ डेसिबल गेन देणारा साधा इंटरफेसही त्यांच्यासाठी पुरून उरतो. पण त्याच माइकपुढे आजी हलक्या आवाजात जात्यावरची ओवी म्हणायला बसली, आवाज ७४ वर आला, तर लागतील ६३ डेसिबल. आता सात कमी पडतात, नॉब शेवटपर्यंत फिरवूनही. इथे लोक म्हणतात प्रीअ‍ॅम्प बदला. मी म्हणेन माइक बदला. ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० हा साधा कंडेन्सर, म्हणजे वीज लागणारा पण अधिक संवेदनशील माइक, त्याच आवाजाला साडेसतरा डेसिबल जास्त देतो. ओवीला मग ४६ डेसिबल गेन पुरे होतो, आणि तो कुठल्याही बऱ्या इंटरफेसमध्ये असतोच.

आता प्रीअ‍ॅम्पच्या स्वतःच्या आवाजाचा हिशेब. माहितीपत्रकात ईआयएन म्हणून या आवाजाचा एक आकडा असतो, जितका जास्त उणे तितका चांगला. १५० ओहमचा नुसता रोधक खोलीच्या तापमानाला जो आवाज करतो तोच उणे १३१ डीबीयूच्या जवळ असतो, त्याच्या खाली कुणालाच जाता येत नाही. आजचे मध्यम किमतीचे इंटरफेस उणे १२७ ते १२९ च्या पट्ट्यात असतात. उणे १२८ धरून हा आवाज एसएम५८ च्या भाषेत मांडला, तर तो माइकसमोर १८ डेसिबलचा आवाज असावा इतका भरतो. वाईट प्रीअ‍ॅम्प घ्या, उणे १२० चा. तो भरेल २६. रात्री दारं-खिडक्या लावलेल्या, पंखा चालू असलेल्या माजघरात मीटर धरला तर तो ४० च्या आसपास असतो. कौलांवर सर कोसळत असेल तर सहज ५५ ते ६०. पंचवीस हजार घालून १८ चे १६ करायचे आणि वर ६० चा पाऊस तसाच ठेवायचा, हा व्यवहार मला समजत नाही.

आधी खोली ऐकायची.

आपली घरं मुळात आवाजासाठी वाईट नाहीत. जांभ्याच्या चिऱ्यांची जाड भिंत बाहेरचं बरंच अडवते. न गिलावलेला चिरा खडबडीत असल्यामुळे वरच्या पट्टीतला आवाज थोडा विखुरतोही. अडचण वर आहे. कौलांच्या फटींतून पाऊस, वारा, रातकिडे सगळं आत येतं, आणि ज्या घरांनी कौलं काढून पत्रा घातला तिथे तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाणं नोंदवायची वेळ पावसालाच विचारून ठरवावी लागते. नवी स्लॅबची घरं पावसाला शांत, पण आत टाइल आणि गुळगुळीत प्लॅस्टर, त्यामुळे टाळी वाजवली की किणकिण परत येते. जुन्या घरातलं माजघर सर्वांत बरं. वर माळा असतो, माळ्यावर पेंढा, पोती, जुनी अंथरुणं असतात आणि त्यामुळे पाऊस दबतो. गाणाऱ्याच्या पाठीमागे गोधड्या आणि कांबळी दुहेरी टांगा, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून. भिंतीला चिकटवलेल्या गोधडीपेक्षा अशी गोधडी खालच्या पट्टीतलं बरंच अधिक शोषते. माइकची पाठ खिडकीकडे. कार्डिऑइड माइक पाठीमागचं सर्वांत कमी ऐकतो, हे माहीत असूनही कित्येक जण माइकचं तोंड खिडकीकडे आणि गाणाऱ्याची पाठ खिडकीला ठेवतात, कारण उजेड वहीवर पडावा लागतो. दिवा दुसरीकडे लावा.

पूर्वीच्या कॅसेटी आठवून पाहा, किंवा आकाशवाणी रत्नागिरीवर लागणारी भजनं. एकच माइक मधोमध, बुवा पुढे, पेटी हातभर मागे, पखवाज त्याच्याही मागे, झांजवाला जवळजवळ दारात. बसण्याच्या जागांनीच सगळा तोल साधलेला असायचा. दशावतारात अजूनही हे पाहायला मिळतं. रंगमंचावर टांगलेल्या माइकखाली नट येतो, हळू बोलायचं असेल तर जवळ सरकतो, आरोळी ठोकायची असेल तर दोन पावलं मागे जातो. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबल उतरतो. अनुभवी बुवा वरचा षड्ज लावताना मान किंचित मागे नेतात, दहा सेंटिमीटरचे वीस होतात, आणि सहा डेसिबल तिथल्या तिथे, कुठलीही विकृती न होता, कमी होतात. ही गोष्ट कुठल्याही कॉम्प्रेसरला, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या यंत्राला, इतकी सुंदर जमत नाही, कारण कॉम्प्रेसरला स्वर वर जाणार आहे हे आधी ठाऊक नसतं, बुवांना असतं.

तर प्रीअ‍ॅम्प घेताना पाहायचं काय? ईआयएन बहुतेक ठिकाणी पुरेसा असतो, म्हणून तो मी शेवटी पाहतो. आधी कमाल गेन. डायनॅमिक माइकवर हळू गाणारी माणसं असतील तर ६० च्या वर हवा; शुअरचा एसएम७बी वापरायचा असेल तर ६० ही अगदी किमान पायरी आहे, कारण तो एसएम५८ पेक्षाही साडेचार डेसिबल कमी देतो. मग गेनचा नॉब कसा चढतो ते. स्वस्त इंटरफेसमध्ये शेवटच्या पाव फेरीत वीसेक डेसिबल कोंबलेले असतात. नखभर हलवलं की आवाज उडी मारतो आणि दोन चॅनेल एकसारखे लावणं अशक्य होतं. काहींमध्ये याच शेवटच्या भागात हिसही (सूं असा आवाज) अचानक वाढते. मग फँटम, म्हणजे कंडेन्सर माइकला वायरीतूनच मिळणारी वीज, तो खरोखर ४८ व्होल्ट देतो का. फोनवर चालणाऱ्या काही छोट्या डब्यांत तो तीसच्या खाली घसरतो आणि कंडेन्सर माइक मोठ्या आवाजाला आधीच फाटायला लागतो. बीएम-८०० नावाने मिळणारे माइक ३.५ मिमीच्या वायरीने थेट लॅपटॉपला जोडतात, तिथे तर फँटमचा प्रश्नच येत नाही. असल्या माइकची हिस घेऊन कुणी प्रीअ‍ॅम्प शोधायला निघू नये. ८० हर्ट्झच्या खालचं कापणारं बटण असेल तर कोकणात ते सोन्यासारखं, कारण वाऱ्याचा घुमा आणि माडीवरची पावलं यांचा बराच भाग तिथेच असतो.

गेन कमी पडत असेल आणि माइक बदलायचा नसेल तर नव्या प्रीअ‍ॅम्पपेक्षा स्वस्त उपाय म्हणजे माइक आणि इंटरफेस यांच्यामध्ये लागणारा छोटा बूस्टर. क्लाउडलिफ्टर सीएल-१ साधारण २५ डेसिबल देतो, ट्रायटनचा फेटहेड २७ च्या आसपास. दोन्ही फँटमवर चालतात आणि फँटम पुढे माइककडे जाऊ देत नाहीत, म्हणून डायनॅमिक आणि रिबन माइकसाठी ठीक, कंडेन्सरला निरुपयोगी. यांनी आवाज जादूने स्वच्छ होत नाही. इंटरफेसचा नॉब शेवटच्या गर्दीच्या भागातून मधल्या शांत भागात येतो, फायदा एवढाच आहे, पण तो खरा आहे.

वेगळा प्रीअ‍ॅम्प घ्यायचं योग्य कारण एकच, त्याचा रंग हवा असणं. रुपर्ट नीव्ह यांच्या १९७० च्या १०७३ मध्ये आत-बाहेर दोन्हीकडे ट्रान्सफॉर्मर आहेत; गेन चढवून आउटपुट उतरवलं की खालच्या पट्टीला गोलाई येते, पखवाजाच्या धुमाला अंग येतं. गोल्डन एज प्रोजेक्टचा प्री-७३ आणि वॉर्म ऑडिओचा डब्ल्यूए-७३ त्याच आराखड्यावरचे. फोकसराइटचा आयएसए वन हा त्या मानाने निर्मळ. त्याचं मूळ नीव्ह यांनी १९८० च्या दशकात एअर स्टुडिओसाठी केलेल्या मॉड्यूलमध्ये आहे. एआरटीचा ट्यूब एमपी सर्वांत स्वस्त, एका १२एएक्स७ नळीवर चालणारा. लोक त्याला नावं ठेवतात, पण इनपुट मध्यम आणि आउटपुट बेताचं ठेवलं तर तो पेटीच्या कर्कश सुरांना बरा मऊ करतो. या सगळ्यांना जोडताना एक चूक फार होते. प्रीअ‍ॅम्पचं आउटपुट इंटरफेसच्या माइक इनपुटला, तीन पिनांच्या एक्सएलआर वायरीने, जोडलं जातं. मग आवाज दोन प्रीअ‍ॅम्पांतून जातो, दुसरा लगेच फाटतो, आणि दोष पहिल्याला मिळतो. त्याऐवजी जॅकची टीआरएस वायर घ्या, इनपुट लाइनवर करा, इंटरफेसचा गेन पूर्ण उतरवा. अधिक २२ डीबीयूला भरणाऱ्या लाइन इनपुटला अधिक ४ डीबीयू म्हणजे बरोबर उणे १८ डीबीएफएस. आकडे जुळले की काळजी संपली.

पण हे सगळे डबे इथल्या हवेत जगायचे आहेत.

देवगड-मालवणच्या पट्ट्यात पावसाळ्यात आर्द्रता नव्वदीला टेकून महिने काढते, आणि हवेत वर मीठ. कंडेन्सर माइकच्या कॅप्सूलवर दमट थर बसला की विद्युतभार झिरपतो आणि रेकॉर्डिंगमध्ये कढईत पाण्याचे शिंतोडे पडल्यासारखी चुरचुर, मध्येच एखादा फट्ट असा आवाज येतो. याचाही दोष हमखास प्रीअ‍ॅम्पवर जातो. तपासायचं कसं? त्याच वायरीवर डायनॅमिक माइक लावा. चुरचुर गेली तर माइक ओला आहे. त्याला घट्ट झाकणाच्या डब्यात दीडशे ग्रॅम सिलिका जेलसोबत दोन दिवस ठेवा, डब्यात छोटा हायग्रोमीटर टाका, काटा ४० ते ५० वर राहील असं पाहा. निळे दाणे गुलाबी झाले, किंवा नारिंगी दाणे हिरवट, की त्यांना १२० अंशांच्या आसपास दोनेक तास भाजून घ्यायचं. निळ्यांत कोबाल्ट असतं, त्यामुळे स्वयंपाकाची कढई किंवा ओव्हनचा ट्रे त्यासाठी वापरू नका. एसीच्या खोलीतून माइक थेट पडवीत आणला की पडद्यावर दव धरतं. तो त्याच्या पेटीतच बंद ठेवून तासभर थांबा. खरं तर या किनाऱ्यावर वर्षभर चालणारा पहिला माइक डायनॅमिकच असावा असं माझं ठाम मत आहे. कंडेन्सर नंतर, डब्यासकट. जॅक आणि नॉब यांच्यावरही मीठ बसतं. नॉब फिरवताना खरखर झाली तर बहुतेक वेळा आत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीस-तीसदा पूर्ण फिरवणं पुरतं. साधं गंज काढायचं तेल मारू नका, त्याचा थर राहतो आणि त्यावर धूळ धरते.

विजेचं त्याहून अवघड. हम, म्हणजे ५० हर्ट्झचा सलग घुमा, आणि बझ, म्हणजे त्याच्या पटींचा, १०० आणि वरच्या, चरचरीत आवाज, हे दोन वेगळे ओळखायला शिका. लॅपटॉपचा चार्जर काढल्याबरोबर घुमा गेला तर अर्थचा फेरा चार्जरमधून पूर्ण होत होता. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या, वायरी बॅलन्स्ड, म्हणजे बाहेरची घरघर कापणाऱ्या, करा. गेला नाही तर इंटरफेसला लावलेलं एकेक काढत जा. थ्री-पिनची वरची पिन तोडून हम घालवणारे इलेक्ट्रिशियन गावोगाव आहेत. तसं करू नका, ओल्या जमिनीवर अनवाणी बसून गाणाऱ्याच्या ओठांशी तो माइक असतो. जांभा खडक एप्रिल-मेमध्ये कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थिंगचा विरोध वाढतो, त्यामुळे पावसाळ्यात शांत असलेला स्टुडिओ शिमग्यानंतर गुणगुणायला लागतो. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज पाहा. दोन-तीनच्या वर असेल तर वायरमनला बोलवून खड्डा बघून घ्या, कोळसा-मीठ आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी एवढ्यानेही फरक पडतो. घरचा इन्व्हर्टर अनेकदा चौकोनी लहरीचा असतो, त्यावर मेन्सचा प्रीअ‍ॅम्प बझ करणारच. म्हणून यूएसबीवर चालणारा इंटरफेस इथे मला फार मोलाचा वाटतो. लाइट गेली की फ्रिज थांबतो, पंखा थांबतो, शेजारचा पंप थांबतो, चार्जर निघालेलाच असतो. लॅपटॉपच्या बॅटरीवर दीड तास मिळतो आणि घर त्याहून शांत कधीच नसतं. चांगली मंडळं वाद्यं लावून त्याची वाट बघतात. मेच्या वळवात आणि परतीच्या पावसात मात्र गडगडलं की सगळ्या पिना, नेटची वायरही, काढून ठेवायच्या.

आता कॉम्प्रेसर, म्हणजे त्या गवळणीचा खरा गुन्हेगार. तो मोठा आवाज दाबतो आणि दाबल्यामुळे खाली आलेली पातळी मेकअप गेनने परत वर नेतो. बुवांच्या ओळीवर तो १० डेसिबल दाबत असेल आणि मेकअपही १० असेल, तर बुवा जिथल्या तिथे राहतात. पण ते थांबल्याबरोबर दाब सुटतो आणि खोलीतलं सगळं १० डेसिबलने वर येतं. रिलीज, म्हणजे दाब सुटायला लागणारा वेळ, जितका जलद तितका हा उसळा लवकर आणि स्पष्ट. त्या मुलाने बहुधा मोबाइलवर गाणं जोरात वाजावं म्हणून थ्रेशोल्ड, म्हणजे दाब सुरू व्हायची पातळी, खोल नेला असणार, रेशो, म्हणजे दाबायचं प्रमाण, ८ च्या पुढे, रिलीज ५० मिलिसेकंद. इंटरफेस बदलून यातलं काहीही बदललं नसतं. उपाय फुकटचा होता. आधी ओळीओळीची पातळी हाताने, व्हॉल्यूम ऑटोमेशनने, समान करायची. मोठी ओळ ३ खाली, दबलेली २ वर. मग कॉम्प्रेसरला फक्त ३ डेसिबलचं काम उरतं: रेशो ३ ला १, अटॅक, म्हणजे दाब बसायला लागणारा वेळ, १० ते १५ मिलिसेकंद, रिलीज १५० ते २५०. दोन ओळींमध्ये पाऊस तीनच डेसिबल वर येतो आणि तो पाऊस म्हणूनच ऐकू येतो, घरातला. गेट, म्हणजे हळू आवाज आपोआप बंद करणारी सोय, लावून तो कापू नका. ओळीच्या शेवटी मिंडेचं टोक त्याच्यासोबत कापलं जातं आणि मध्ये पडणारी काळी शांतता पावसापेक्षा वाईट.

पखवाजाचं गणित वेगळं. थापेचा पहिला टणका १० ते २० मिलिसेकंदांत होऊन जातो. अटॅक ५ ठेवला तर तोच चिरडला जातो आणि वाद्य पुठ्ठ्यासारखं वाजतं. अटॅक २५ ते ३० ठेवा. रिलीज लयीवरून काढा. ६०,००० ला मिनिटाच्या मात्रांनी भागायचं. १२० च्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंद, डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या सामन्यात, गजर २४० ला पोचला की २५०. दाब पुढच्या मात्रेच्या आत सुटला पाहिजे, म्हणून द्रुतात १५० ते २०० च्या वर जाऊ नका, नाहीतर दर पुढची थाप आधीच्या थापेच्या दाबाखाली अडकते आणि लय जड झाल्याचा भास होतो. झांज त्याच माइकमध्ये येत असेल तर कॉम्प्रेसर जपून, कारण झांजेच्या दर ठोक्याला तो गाणं दाबतो. झांजवाल्याला दारात बसवणारे जुने लोक हे जाणून होते.

कॉम्प्रेसरचा डबा विकत घ्यावा का? रेकॉर्ड करतानाच दाबून घ्यायची गरज टेपच्या काळात होती, कारण टेपवर हिस आणि विकृती यांच्यामधली जागा अरुंद होती. आज २४ बिटांत कागदावर १४४ डेसिबल आणि बऱ्या कन्व्हर्टरमध्ये प्रत्यक्ष ११० च्या आसपास जागा आहे. सर्वांत जोरातली टोकं उणे १० डीबीएफएसला ठेवा, उरलेलं नंतर. नंतरसाठी रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रीकॉम्प हा कॉम्प्रेसर असतोच. टोकियो डॉन लॅब्जचा कोटेलनिकॉव्ह आणि क्लँघेल्मचा डीसी१ए फुकट मिळतात. मात्र तंत्र वेगवेगळं असतं आणि ते कानाने ओळखणं जरुरीचं आहे. १९६० च्या दशकातला एलए-२ए हा कॉम्प्रेसर प्रकाशावर चालतो. दिव्यासमोरची प्रकाशसंवेदी चकती अर्धा दाब पटकन सोडते आणि उरलेला सावकाश, म्हणून अभंगाच्या आलापीला तो लोण्यासारखा बसतो. ११७६ या कॉम्प्रेसरचा अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद, म्हणजे सर्वांत सावकाश असतानाही पखवाजासाठी फार जलद. आणि त्याचा नॉब उजवीकडे जितका न्याल तितका अटॅक वेगवान होतो, हे न कळल्याने लोक नेमकं उलट लावतात. १९७० च्या दशकातल्या डीबीएक्स १६० पासून चालत आलेले व्हीसीएवाले, म्हणजे व्होल्टेजने पातळी आवरणारे, थेट आणि स्पष्ट, तालवाद्यांना सोयीचे.

तरीही हातात नॉब हवा, गाणाऱ्याला हेडफोनमध्ये दाबलेला आवाज ऐकू यावा असं वाटत असेल, आणि ते वाटणं खरं आहे, कारण कानात आवाज जवळ आला की माणूस ताणून गात नाही. मग एफएमआर ऑडिओचा आरएनसी पाहा. छोटा, दोन चॅनेलचा, अटॅक ०.२ ते २०० मिलिसेकंद, आणि सुपर नाइस नावाच्या बटणावर तीन हलके टप्पे एकामागोमाग लावणारा. त्याची जोडणी अनबॅलन्स्ड आहे, वायर दोन मीटरच्या आत ठेवा. डीबीएक्स २८६एस मध्ये प्रीअ‍ॅम्प, कॉम्प्रेसर, डीएसर (‘स-श’ची धार कमी करणारा), गेट सगळं एका पट्टीत येतं, निवेदनाला आणि कीर्तनाला सोयीचं. पण त्यात रेशो नाही, ड्राइव्ह आणि डेन्सिटी एवढंच आहे, आणि त्यातला गेट पावसाळ्यात बंदच ठेवायचा. क्लार्क टेक्निकचा ७६-केटी आणि केटी-२ए हे वर सांगितलेल्या दोन जुन्या यंत्रांचे स्वस्त अवतार. कॉम्प्रेसर रेकॉर्ड करतानाच लावायचा असेल तर १ ते ३ डेसिबलच्या वर दाबू नका. एकदा दाबलेलं परत उलगडत नाही.

त्या मुलाच्या तीस हजारांचं मी असं करेन. आहे तो इंटरफेस राहू दे. एक खरा एसएम५८ किंवा एसएम५७, बिलासकट. चांगल्या दोन वायरी, स्टँड, पॉप फिल्टर. सिलिका जेल, डबा, हायग्रोमीटर. अर्थिंगची दुरुस्ती. माळ्यावर पेंढ्याची आणखी चार पोती आणि दोन जाड कांबळी. एवढं करूनही काही पैसे उरतात. ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेवून द्यावेत, आणि तोपर्यंत कान ज्याची मागणी करेल ते घ्यावं, मग तो रंगीत प्रीअ‍ॅम्प असला तरी हरकत नाही.

तो जुना घेतलात तर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा बंद पडणाऱ्या एखाद्या स्टुडिओतून घेताना पैसे देण्याआधी एवढं करा. १५० ओहमचा मेटल फिल्म रोधक एक्सएलआरच्या नर पिनमध्ये २ आणि ३ च्या मध्ये जोडून न्या, इनपुटला लावा, फँटम बंद, गेन पूर्ण, आणि सोबतच्या लॅपटॉपवर एक मिनिट नोंदवा. ५६ डेसिबल गेनचा, अधिक ९ ला भरणारा, उणे १२८ चा इंटरफेस इथे उणे ८१ च्या आसपास बसतो. वेगळ्या प्रीअ‍ॅम्पचा आकडा त्याच्या गेनप्रमाणे काढून ठेवा आणि प्रत्यक्षात सहा-सात डेसिबलहून जास्त आला तर सोडून द्या. मग फँटम चालू करून मल्टिमीटरने पिन १ आणि २, नंतर १ आणि ३ मोजा. दोन्हीकडे ४४ ते ५२ मध्ये आणि एकमेकांच्या अगदी जवळ हवेत. फरक असेल तर आतला ६.८ किलोओहमचा एक रोधक बहुधा गेलेला आहे, तो दहा रुपयांचा आहे पण तो बदलायला डबा उघडणारा माणूस कोकणात शोधावा लागतो. प्रत्येक नॉब आवाज चालू ठेवून फिरवा. झाकणाचे स्क्रू काढायला सांगा, आत बोर्डावर हिरवट-पांढरे डाग दिसले तर तो डबा आधीच कुठल्यातरी किनाऱ्यावर राहून आलेला आहे.